हाड कमी केलं की काय?

मनगट मोडून हॉस्पिटलातून घरी आलेल्या माणसाच्या कागदावर एक ओळ असते: ‘क्लोज्ड रिडक्शन अँड प्लास्टर’. दुपारी भेटायला आलेलं कुणीतरी तो कागद चाळतं आणि विचारतं, “रिडक्शन? हाड कमी केलं की काय?” हसू येतं, पण प्रश्न काही वेडगळ नाही. रिड्यूस म्हणजे कमी करणं, एवढंच आपल्याला ठाऊक. वजन रिड्यूस, मीठ रिड्यूस, टीव्हीचा आवाज रिड्यूस.

हाडाचं मात्र काहीच कमी होत नाही. पडताना हात टेकला की मनगटाजवळचा तुकडा बहुधा हाताच्या पाठीकडे सरकतो. बाजूने पाहिलं तर मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकलेलं दिसतं. भूल दिल्यावर एकजण कोपरापाशी धरून ठेवतो, दुसरा पंजा धरून सरळ रेषेत ओढतो. एकमेकांत रुतलेली टोकं सुटली की तुकडा तळव्याच्या बाजूला दाबून जागेवर आणायचा, वर प्लास्टर, आणि लगेच पुन्हा एक्स-रे. आधी ओढ, मग दाब. नुसतंच दाबलं तर टोकं रुतलेलीच राहतात. याला आपण ‘हाड बसवणं’ म्हणतो. आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढायला लावतात तोही उगाच नव्हे. सूज ओसरते, प्लास्टर ढिलं पडतं आणि बसवलेलं हाड हळूच सरकतं. म्हणजे सूज रिड्यूस झाली म्हणून रिडक्शन बिघडलं!

लॅटिनमध्ये ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘दूकेरे’ म्हणजे नेणं. रिड्यूस म्हणजे मागे नेणं, मूळ जागी परत आणणं. पोटात परत ढकलता येणाऱ्या हर्नियाला डॉक्टर रिड्यूसिबल म्हणतात ते यामुळेच. ड्यूक, व्हेनिसचा डोज (तिथला जुना शासक), कंडक्टर, पाणी नेणारं डक्ट ही सगळी त्याच ‘दूकेरे’ची पिलावळ. आपल्याकडे ‘नी’ धातू असाच लेकुरवाळा: नेता, नायक, परिणय, उपनयन. दोघांचं रक्ताचं नातं नाही, स्वभाव तेवढा जुळतो.

शब्द इंग्रजीत आला चौदाव्या शतकाच्या अखेरीस, आणि ‘संख्येने, आकाराने कमी करणं’ हा अर्थ रुळला थेट अठराव्या शतकाच्या शेवटी. मधली चारशे वर्षं तो नेण्याआणण्याचीच कामं करत होता. 1818 च्या आसपासच्या इंग्रजी लिखाणात मराठ्यांचे किल्ले एकामागून एक ‘रिड्यूस’ होतात. बुरुजांची उंची घटवली असा त्याचा अर्थ नव्हे, किल्ला शरण आणला. फौजेतल्या हवालदाराला साधा शिपाई केलं तर तोही रिड्यूस. बहुधा असंच होत गेलं असावं: नेण्याची दिशा हळूहळू खाली वळली.

गणिताच्या वहीत जुना अर्थ अजून जिवंत आहे. बारा अठरांश या अपूर्णांकाच्या अंशाला आणि छेदाला 6 ने भागून दोन तृतीयांश केलं की इंग्रजीत तो रिड्यूस झाला. किंमत रेसभरही घटली नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात याला ‘अतिसंक्षिप्त रूप’ म्हणतात. जरा भारदस्त, पण बिनचूक.

रसायनशास्त्रात मात्र आपण घसरलो. तिथे रिडक्शनला ‘क्षपण’ म्हणतात, म्हणजे क्षय. खनिजातून धातू परत आणणं हा तिथला मूळ अर्थ. हेमटाइट या लोहखनिजाचे वजनाने 160 भाग घेतले तर त्यात लोखंड 112 भाग आणि ऑक्सिजन 48 भाग. भट्टीत कोळशाच्या वायूने तो ऑक्सिजन काढून नेला की लोखंड उरतं. वजन घटलं खरं, पण धातू घरी परतला. गंमत म्हणजे आपल्या रसशास्त्राकडे, म्हणजे धातूंची औषधं करणाऱ्या आयुर्वेदाच्या शाखेकडे, याच विचाराचा शब्द आधीपासून होता. धातूचं भस्म नीट झालं की नाही हे पाहायला ते तूप, मध, गुंजा, टाकणखार यांच्यासोबत बंद शरावात (मातीच्या परळात) तापवतात. निवल्यावर आत धातूचे कण दिसले तर भस्म कच्चं. दिसले नाहीत तर ‘अपुनर्भव’, म्हणजे पुन्हा धातू न होणारं. तूप-मध जळून होणारा कोळसा तिथे भट्टीतल्या कोळशाचंच काम करतो. ‘पुनर्भव’ म्हणजे रिडक्शन! इतका नेमका शब्द हाताशी असताना क्षय कशाला पत्करला, कोण जाणे.

उलट, जिथे खरंच कमी होतं तिथे मराठीला ‘कमी’ची फारशी गरज नसते. ताप उतरतो, पूर ओसरतो, विहीर आटते, धार मंदावते, तब्येत खालावते, झिजतो तो साबण. आणि बांगडी फुटली की ती चक्क ‘वाढवतात’. हल्ली मात्र सगळ्याचंच ‘कमी होतं’. ताप कमी, पाऊस कमी, सूज कमी. चूक कुठेच नाही, फक्त चव गेली.

इंग्रजी वापरताना एक खड्डा सांभाळायचा. 500 रुपयांचा शर्ट ‘बाय 40 पर्सेंट’ रिड्यूस झाला तर 300 ला मिळतो, ‘टू 40 पर्सेंट’ झाला तर 200 ला. मराठीत हे काम ‘40 टक्क्यांनी’ आणि ‘40 टक्क्यांवर’ यांतले ‘नी’ आणि ‘वर’ बिनबोभाट करतात. शिवाय आधी 20 टक्के सूट आणि त्यावर आणखी 10 म्हणजे 30 नव्हे, 28. दुसरी सूट उरलेल्या 80 वर बसते.

राहता राहिलं स्वयंपाकघर. बासुंदीला 2 लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या, पसरट भांड्यात घ्यायचं. तोंड जितकं रुंद तितकी वाफ लवकर जाते. उलथनं तळाशी फिरतं ठेवायचं, कडेची साय खरवडून आत ढकलायची, आणि दूध निम्म्याच्या जरा वर आलं की थांबायचं. साखर शेवटी, चाखून. कारण पाणी उडतं, साखर उडत नाही. आमटीतल्या मिठाचंही तेच: लिटरभर आमटीत 10 ग्रॅम मीठ घालून ती अर्ध्यावर आणली तर खारटपणा दुप्पट. इंग्रजी कृतीत या सगळ्याला ‘रिड्यूस बाय हाफ’ एवढंच लिहितात. मराठीत ते ‘दूध आटवून निम्मं करा’ असं यायला हवं. पण भाषांतरात ‘दूध अर्धं कमी करा’ असं छापून आलं आणि कुणी लिटरभर दूध काढून फ्रिजात ठेवलं, तर त्याला काय बोलणार? संध्याकाळचा चहा तरी दाट होईल.