मैदानी तास आणि ते हमीपत्र : माझा अनुभव

पहिली ते चौथीच्या मुलांना आठवड्यातून एक तासिका वर्गाबाहेर काढायचं, तिथे लगोरी-लंगडीसारखे खेळ घ्यायचे आणि त्यातच थोडा परिसर अभ्यास, थोडं गणित उरकायचं, एवढाच बेत. वेळापत्रकात जागा निघाली, सहकारी तयार झाले, पालकांची हरकत नव्हती. अडलं ते एका कागदाशी. त्याची आठवण झाली की आजही डोकं फिरतं.

अंगण अपुरं, म्हणून कुंपणाला लागून असलेली ग्रामपंचायतीची मोकळी जागा मागितली होती. पंचायतीचं ना-हरकत पत्र मिळालं. वरच्या कार्यालयातून मात्र अर्ज परत आला, ‘हमीपत्रासह फेरसादर करावा’ असा शेरा मारून. हमीपत्राचा नमुना सोबत होताच: ‘उपक्रमादरम्यान विद्यार्थ्यास कोणतीही इजा झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील.’ खाली शिक्षकाची सही.

कोणतीही इजा. म्हणजे लंगडी घालताना गुडघा खरचटला तरी कागदोपत्री मीच दोषी. असल्या कागदाने एकही मूल सुरक्षित होत नाही. शिक्षक तेवढा घाबरतो. सही केलेला शिक्षक मग मुलांना रांगेत उभं करून हात वर, हात खाली करवतो आणि त्याला मैदानी उपक्रम म्हणतो. सही न करणाऱ्याचं मैदान ओसाड पडतं.

यातून निघायचं तर नमुन्यावर सही करू नका आणि ‘सही करणार नाही’ असंही लिहून देऊ नका. नकार दिला की फाइल तिथेच झोपते. मी फेरसादर करताना पत्रात लिहिलं, ‘हमीपत्राऐवजी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव व सुरक्षा आराखडा जोडत आहोत.’ शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तिच्या ठरावाला वजन असतं. कलम २९ मध्ये कृती आणि शोधातून शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तो पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात घाला. कायद्याचं कलम समोर दिसलं की ‘हे अभ्यासक्रमात कुठे बसतं?’ ही टिप्पणी बहुधा टळते.

‘मैदानी खेळ घेण्यास मंजुरी’ असा एका ओळीचा ठराव मात्र उपयोगाचा नाही. जागा, वार, वेळ, इयत्ता, पटसंख्या आणि सोबत राहणारी मोठी माणसं हे सगळं ठरावातच हवं. आम्ही तीस मुलांमागे दोन मोठी माणसं धरली: एक खेळात आणि दुसरं कडेला, पाठ रस्त्याकडे आणि तोंड मुलांकडे करून. दुसरं माणूस माता-पालकांपैकी चालतं, फक्त पाळीची यादी आधी लावा.

आराखड्यात चार गोष्टी खुलासेवार लिहा. पहिली, खेळापूर्वीची फेरी: काचा, खिळे, बाभळीचे काटे, खड्डे, मुंग्यांची वारुळं. वहीत तारीख घालून सही करायची. हमीपत्रापेक्षा ही सही कितीतरी मोलाची, कारण काळजी घेतल्याचा पुरावा तीच असते. दुसरी, खेळांची यादी आणि कोणत्या खेळात काय उडतं. विटीदांडू मी स्वतःच यादीतून काढला. टोलवलेली विटी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून जाते आणि लहान मुलं वाकून जवळ येतात. तिसरी, प्रथमोपचार पेटी कुठे, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, १०८ ला फोन कोण लावणार. चौथी, पालकांचं संमतीपत्र, आणि त्यात दमा, फिट, हृदयाचा त्रास, चष्मा यांचा रकाना. नुसत्या ‘माझी हरकत नाही’ने काही कळत नाही.

अपघाताचा मुद्दा निघालाच तर राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना पहिली ते बारावीच्या मुलांसाठी आहे, हेही पत्रात लिहा. आणि अर्ज दिला की पोच घ्या, आवक क्रमांक टाकूनच. तो नसला की ‘तुमचं पत्र आलंच नाही’ हे उत्तर तयार असतं.

कागद फिरत होता तोवर तास थांबला नव्हता. शाळेच्या आवारात, शारीरिक शिक्षणाच्या तासिकेत खेळ घ्यायला वेगळी परवानगी लागत नाही. अर्ज करण्याआधीच अंगणात सुरुवात करा. जागा लहान असली तर सागरगोटे, ठिकरी, विषामृत, मामाचं पत्र हरवलं हे सगळं मावतं. शेवटी परवानगी आली तीही ‘आराखड्याच्या अधीन राहून’. हमीपत्राचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता! मग इतके दिवस कशासाठी अडवलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

मैदानावर खरा त्रास ‘बाद’ या नियमाचा. ज्या मुलाला पळण्याची सर्वात जास्त गरज असते तेच सर्वात आधी बाद होतं आणि सर्वात जास्त वेळ बसून राहतं. स्थूल, लाजरं, नुकतंच आजारातून उठलेलं मूल कडेला माती उकरत बसतं. आमच्याकडे बाद झालेल्याने कडेला जाऊन सागरगोटा दहा वेळा उडवून झेलायचा आणि परत यायचं. लहानांसाठी ‘कच्चा लिंबू’ हा आपला जुना नियम आहेच, तो बिनधास्त वापरा. फक्त कच्चा लिंबू कोण हे मुलांना ठरवू देऊ नका, नाहीतर तो चिडवायचा शब्द होतो. राज्य कोणावर हे सुटून ठरवायचं. दोन म्होरक्यांनी आळीपाळीने गडी निवडले की शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं. ‘टाइमप्लीज’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

लगोरीला सात चपट्या ठिकऱ्या असतात. पहिलीला पाचच द्या. नेम धरायची रेघ तीन मीटरवर, चौथीसाठी पाचवर. चेंडू चिंध्यांचा. टेनिसचा चेंडू जवळून पाठीत बसला की रडारड होते आणि ते मूल पुढच्या आठवड्यात पोट दुखतं म्हणून सांगतं. मारायचं गुडघ्याखालीच. लंगडीत पाय बदलला की बाद हा नियम पहिली-दुसरीला लावू नका. पंधरा सेकंदांनी शिट्टी वाजवून पाय बदलायला लावा, एकाच गुडघ्यावर भार येत नाही.

आखणीची फक्की म्हणून चुना आणू नका, डोळ्यात गेला तर फार वाईट. खडूची पूड किंवा रांगोळी पुरते. सहा मीटर बाजूचा चौरस चौथीच्या मुलांनाच दोरीने मोजून आखू द्या, परिमिती तिथेच होते. गुण ताळ्याच्या खुणांनी दुसरीच्या मुलांनी मांडायचे. एक काठी रोवून तासिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी सावलीच्या टोकाला खडा ठेवला की परिसर अभ्यासाला विषय मिळतो.

चाळीस मिनिटांत वीस मिनिटं खेळ होतो, एवढंच धरून चाला. बाकीचा वेळ जाण्यात, गोल करण्यात, पाण्यात आणि शेवटच्या गप्पांत. त्या गप्पा कापू नका. ‘आज कोणी कोणाला उठवलं?’ एवढा प्रश्न पुरतो. पोषण आहारानंतर लगेच पळापळ नको. उन्हाळ्यात सकाळची शाळा असली तर पहिल्या दोन तासिकांतच बाहेर पडा.

नोंदींचं सांगायचं राहिलं. शारीरिक शिक्षणाला संकलित म्हणजे सत्राअखेरची चाचणी नाही, सगळं आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं मूल्यमापन, त्यामुळे दैनंदिन निरीक्षणाचा रकाना भरावाच लागतो. ‘खेळात सहभाग चांगला’ असं तीस जणांपुढे लिहिण्यापेक्षा दर तासिकेला पाचच मुलांवर नजर ठेवा आणि दिसलं ते लिहा: ‘चेंडू लागल्याचं स्वतःहून कबूल केलं’, ‘पहिल्यांदा राज्य घेतलं’, ‘अख्खा वेळ कडेला, विचारलं तर बूट लागतो म्हणाली’. शेवटच्या नोंदीवर त्याच दिवशी घरी निरोप गेला पाहिजे. त्या दिवशी ती अनवाणी खेळली तरी चालेल, म्हणून खेळापूर्वीची फेरी टाळायची नाही.

साहित्याला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत क्रीडा अनुदानाची तरतूद आहे. त्यात दोऱ्या, शिट्ट्या, खुणेचे शंकू घ्या, ठिकऱ्या मुलं आणतात. समिती बदलली की ठराव नव्याने घ्या, आणि तो जूनच्या पहिल्या सभेतच. संमतीपत्रांवर सह्या त्याच दिवशी होऊन जातात.