एक ते दीड

रविवार, रात्री

एक ते दीड. कालपासून हा अर्धा तास डोक्यातून जात नाही.

हॅम्पटनच्या शाळेचा खटला आपल्याला तोंडपाठ आहे, असा माझा समज होता. अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य, हॅमिल्टन काउंटी म्हणजे जिल्हा, झायन ल्युथरन चर्चची शाळा. २५ मे १९२०. समोर दहा वर्षांचा मुलगा, हातात बायबलच्या गोष्टींचं जर्मन पुस्तक, शिकवायला रॉबर्ट मायर गुरुजी, आणि दारातून आत येणारा काउंटीचा सरकारी वकील. गुरुजी थांबले नाहीत, जर्मनमध्येच पुढे गेले. जर्मन शिकवल्याबद्दल दंड २५ डॉलर. पण हे सगळं मधल्या सुट्टीत, दुपारी एक ते दीड, चाललं होतं, हे वाक्य मी इतकी वर्षं सहज ओलांडत आले. काल तिथेच ठेच लागली.

मधली सुट्टी! भाषा जगवायची तर दरवेळी पोरांच्या खेळाच्याच वेळेवर का डल्ला मारायचा? परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळा आठवल्या आणि... जाऊ दे.

बरं, अर्ध्या तासात होतं काय? पंधरा मुलं धरली तर एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटं. त्यात तेव्हाची जर्मन पुस्तकं फ्राक्टुर वळणात छापलेली. त्यातला लांब ‘एस’ आणि ‘एफ’ सख्खे भाऊ, फरक एका आडव्या रेघेचा. मोठा ‘बी’ आणि ‘व्ही’, मोठा ‘एन’ आणि ‘आर’ यांत नवखं पोर हमखास चुकतं. हाताने लिहायचं वळण आणखी निराळं. त्यात ‘ई’ दिसतो ‘एन’सारखा, आणि ‘यू’ ‘एन’पासून ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर चंद्रकोर काढायची. छापायला बाळबोध आणि लिहायला मोडी, असा आपल्याकडे होता तोच प्रकार; वर इंग्रजीची तिसरी लिपी. हे दोन मिनिटांत कसं बसवायचं?

मग पुन्हा तेच. सुट्टीतच का?

नेब्रास्काच्या १९१९च्या कायद्यामुळे. सरकारी असो, खासगी असो की चर्चची, कुठल्याही शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवायचं नाही, आणि आठवी पास झाल्याचा काउंटीच्या शिक्षण अधीक्षकाचा दाखला मिळेपर्यंत दुसरी भाषा शिकवायचीही नाही. लॅटिन, ग्रीक, हिब्रू चालतील, कारण त्या मेलेल्या. ऐकायला सौम्य वाटतं. पण शेतकऱ्याच्या बहुतेक पोरांची शाळा आठवीलाच संपायची. ‘आठवीनंतर’ म्हणजे कधीच नाही. नंतर राज्याच्या कोर्टाने म्हटलं की शाळेच्या वेळेबाहेर धर्मशिक्षण परक्या भाषेत द्यायला हरकत नाही. हॅम्पटनकरांनी नेमकी तीच फट धरली: दुपारची सुट्टी अर्ध्या तासाने लांबवायची, आणि वाढवलेल्या त्या अर्ध्या तासात जर्मन वाचन.

हे लिहिता लिहिताच लक्षात आलं. सुट्टी *लांबवली*. म्हणजे आधीची सुट्टी होती तशीच राहिली. कुणाचं खेळणं कापलं नाही, अर्धा तास कापला तो वर्गाच्या वेळेतून आणि त्याला नाव तेवढं सुट्टीचं दिलं. काल रात्रभर मी ज्या पोरांसाठी हळहळले, ती आधी मनसोक्त हुंदडून मगच आत आली असणार. माझं रडगाणं फुकट गेलं. हसू आलं, थोडी शरमही वाटली.

कोर्टाला काही हसू आलं नाही. हे नुसतं धर्मशिक्षण नव्हतं, मुलांना आईबापांबरोबर जर्मन प्रार्थनेत बसता यावं म्हणून भाषाही शिकवायची होती, हे मायरनी लपवलं नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२मध्ये ४ विरुद्ध २ मतांनी शिक्षा कायम केली. ४ जून १९२३ला वॉशिंग्टनमध्ये, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात, ती ७ विरुद्ध २ने रद्द झाली: शिकवणाऱ्याचा शिकवण्याचा आणि आईबापांचा त्याला नेमण्याचा हक्क अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या स्वातंत्र्यात येतो, म्हणून. निकाल लिहिला कुणी, तर न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्सने. ज्यू सहकाऱ्यांशी धड न बोलणारा हा माणूस! आणि विरोधी मत न्यायमूर्ती होम्सचं, ज्याला सगळे उदारमतवादी म्हणून डोक्यावर घेतात. माणसांचे हे असे हिशेब मी लावत बसत नाही.

पण तो अर्धा तास अजून सुटत नाही. सुट्टीचं ते सोंग नेब्रास्कातच खपलं असतं, तर मायर २५ डॉलर वाचवून घरी गेले असते, प्रकरण वॉशिंग्टनला गेलंच नसतं, आणि आठवीची अट जशीच्या तशी राहिली असती. सोंग उघडं पडलं ते बरं झालं म्हणायचं का?

बारा वाजले. दिवा मालवते.