डॉटफाइल्सच्या रेपोत प्लगिनचे रेपो: स्टेजिंग कुठवर आलं

सद्यस्थिती: डॉटफाइल्सच्या, म्हणजे प्रोग्रॅम्सच्या सेटिंग फाइल्सच्या, गिट रेपोत विम या टेक्स्ट एडिटरचे सहा प्लगिन स्टार्ट फोल्डरखाली गिट क्लोन करून ठेवलेले होते. त्यातले चार रीतसर सबमॉड्यूल (बाहेरच्या रेपोत पत्ता आणि कमिटसह नोंदवलेला आतला रेपो) झाले, दोन बाकी आहेत.

आधी मूळ दुखणं. बाहेरच्या रेपोत 'गिट अ‍ॅड .' मारलं की गिट आतल्या रेपोच्या फाइल्स उचलत नाही. इंडेक्समध्ये (पुढच्या कमिटसाठी स्टेज केलेल्या गोष्टींच्या यादीत) त्या फोल्डरच्या नावाने एकच नोंद पडते: मोड (नोंदीचा प्रकार सांगणारा आकडा) १६०००० आणि आतल्या हेडचा, म्हणजे तिथे सध्या चेकआउट असलेल्या कमिटचा, हॅश. साध्या फाइलचा मोड १००६४४ असतो, त्यामुळे 'गिट एलएस-फाइल्स --स्टेज' चालवलं की असली नोंद लगेच ओळखू येते. २.१४ पासून गिट अशा वेळी इशारा देतं, पण तो फक्त इशाराच. नोंद पडतेच, कमिटही होतं. दुसऱ्या मशीनवर क्लोन केलं की तिथे रिकामं फोल्डर मिळतं, कारण तो हॅश कुठून आणायचा याचा पत्ता .गिटमॉड्यूल्स फाइलमध्ये नसतो.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी 'गिट आरएम --कॅश्ड' आणि फोल्डरचा पाथ, म्हणजे इंडेक्समधली नोंद जाते आणि डिस्कवरचं सगळं जागच्या जागी राहतं. मग 'गिट सबमॉड्यूल अ‍ॅड', यूआरएल आणि तोच पाथ. पहिली पायरी गाळली तर पाथ इंडेक्समध्ये आधीच आहे म्हणून गिट नकार देतं. फोल्डरमध्ये चालता रेपो असेल तर ते पुन्हा क्लोन न करता आहे तोच घेतं आणि .गिटमॉड्यूल्सही स्वतःच स्टेज करतं. शेवटी 'गिट सबमॉड्यूल अ‍ॅब्सॉर्बगिटडिर्स': आतलं .गिट फोल्डर बाहेरच्या .गिट/मॉड्यूल्सखाली जातं आणि त्याच्या जागी एका ओळीची .गिट फाइल उरते.

चारपैकी दोन प्लगिन स्टेटसमध्ये सतत 'अनट्रॅक्ड कंटेंट' (गिटमध्ये नोंद नसलेल्या फाइल्स) दाखवत होते. विमची हेल्पटॅग्ज कमांड प्रत्येक प्लगिनच्या डॉक फोल्डरात टॅग्ज नावाची फाइल बनवते आणि या दोघांच्या .गिटइग्नोरमध्ये ती नाही. बाहेरून कितीही वेळा 'गिट अ‍ॅड' केलं तरी ती ओळ हटत नाही, कारण बाहेरच्या इंडेक्सला फक्त हॅश कळतो आणि हॅश तर बदललेलाच नाही. 'मॉडिफाइड कंटेंट'चंही तेच: आत कमिट होईपर्यंत बाहेर स्टेज करण्यासारखं काही नसतं. .गिटमॉड्यूल्समध्ये 'इग्नोर = अनट्रॅक्ड' लिहिता येतं, पण मग आत आपण स्वतः बनवलेली नवी फाइलही दिसेनाशी होते. म्हणून 'डॉक/टॅग्ज' ही ओळ ग्लोबल इग्नोर फाइलमध्ये टाकली. ती सगळ्या रेपोंना लागू पडते.

सगळ्यात घातक प्रकार 'कमिट -ए'चा, म्हणजे नोंद असलेल्या फाइल्समधले सगळे बदल आपोआप स्टेज करून कमिट करण्याचा. दुसऱ्या मशीनवर पुल केलं आणि सबमॉड्यूल अपडेट केलं नाही, तर बाहेरची नोंद नवी आणि आतलं चेकआउट जुनं राहतं. स्टेटस त्यालाही 'न्यू कमिट्स'च म्हणतं! त्या स्थितीत 'कमिट -ए' केलं की प्लगिन गुपचूप मागच्या कमिटवर जातो. 'गिट डिफ --सबमॉड्यूल=लॉग' मध्ये मात्र हे स्वच्छ दिसतं: हॅशच्या जोडीपुढे 'रिवाइंड' आणि खाली < ने सुरू होणाऱ्या ओळी. 'सबमॉड्यूल.रिकर्स' ट्रू केलं की पुलबरोबर आतलं चेकआउटही हलतं. ही सेटिंग प्रत्येक मशीनवर हवीच.

प्लगिनमध्ये स्वतःचा बदल करायचा तर आधी आत ब्रँच काढा, कारण सबमॉड्यूल अपडेटनंतर हेड डिटॅच्ड असतं, म्हणजे कुठल्याच ब्रँचवर नसतं. आत कमिट, मग बाहेर 'गिट अ‍ॅड'. पुश करताना '--रिकर्स-सबमॉड्यूल्स=चेक' लावा, म्हणजे आतला कमिट सर्व्हरवर गेलेला नसेल तर बाहेरचा पुशही अडतो.

गिटसारख्याच मर्क्युरियल या साधनात स्टेजिंगच नाही. तिथे सबरेपोचा (आतल्या रेपोचा) हॅश कमिटच्या वेळी .एचजीसबस्टेट फाइलमध्ये लिहिला जातो, आणि २.० पासून आत कमिट न केलेले बदल असतील तर -एस दिल्याशिवाय बाहेरचं कमिट होतच नाही. गिटनेही एवढं अडवायला हवं होतं.

उरलेल्या दोन प्लगिनमध्ये आपले बदल बरेच आहेत. त्यांना सबमॉड्यूल न करता 'गिट सबट्री अ‍ॅड --प्रिफिक्स'ने, --स्क्वॉश लावून आणायचं ठरलंय, म्हणजे फाइल्स थेट बाहेरच्या रेपोत येतील आणि प्लगिनचा जुना इतिहास एकाच कमिटमध्ये मावेल. त्यांच्या फाइल्स मग १००६४४ म्हणूनच इंडेक्समध्ये येतील आणि एकेक करून स्टेज करता येतील.