एकरी अडीच टन फक्त?! एब्रो काठच्या बागेत एक दुपार

आमची निफाडला द्राक्षबाग आहे, त्यामुळे कुठल्याही देशात वेली दिसल्या की आधी घड किती लागलेत तेच बघतो, वाईन वगैरे नंतर. सप्टेंबर अखेरीस स्पेनला लोग्रोन्योत होतो, तिथून टॅक्सीने लासेर्ना गावाजवळच्या कोंतिनो या वायनरीत गेलो. एब्रो नदीने जिथे मोठं वळण घेतलंय त्या वळणातच ६२ हेक्टर बाग, आणि उत्तरेला सिएरा कांताब्रियाचा डोंगर भिंतीसारखा उभा, थंड वारा तिथेच अडतो.

रियोहात, म्हणजे या सगळ्या वाईनच्या प्रदेशात, पूर्वी मोठ्या कंपन्या गावोगावची द्राक्षं विकत घ्यायच्या आणि सगळं मिसळून वाईन करायच्या. १९७३ साली कोंतिनोवाल्यांनी ठरवलं की आपल्याच बागेतली द्राक्षं, वाईन पण इथेच आणि बाटली पण इथेच भरायची. तेव्हा त्या भागात असं क्वचितच कोणी करायचं म्हणे. कोंतिनो म्हणजे राजाच्या सतत सोबत राहणारा अंगरक्षक, त्यावरून नाव.

वेली बघून मी थोडा चक्रावलोच, आपल्यासारखा मांडव नाही, जमीन गोट्यांनी भरलेली आणि घड मोजकेच. गाईड बाई म्हणाल्या, रियोहात लाल द्राक्षांना हेक्टरी साडेसहा हजार किलोची मर्यादा आहे. मी लगेच मोबाईलवर हिशोब केला, एकरी जेमतेम अडीच टन! तिथूनच आप्पांना व्हिडिओ कॉल लावला.

"अडीच टनात बाग परवडते का रे त्यांना?"

"आप्पा, एक बाटली कितीला जाते ते विचारा ना."

किंमत सांगितल्यावर आप्पा जरा वेळ गप्पच.

मग टेस्टिंग. रिझर्वा ही लाल वाईन मुख्यतः टेम्प्रानिलो जातीच्या द्राक्षांची, निदान तीन वर्षं मुरवलेली आणि त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात, मऊ आहे, छान आहे, पण माझा जीव अडकला तो ग्रासियानोत. हे द्राक्ष उशिरा पिकतं, कमी लागतं, म्हणून शेतकरी गमतीने म्हणायचे "ग्रासियास, नो", म्हणजे थँक्यू, पण नको! रियोहात ते जवळपास संपत आलं होतं, यांनी मात्र १९९४ पासून त्याची वेगळी बाटली काढली. ग्लासात शाईसारखा रंग, आणि घोट घेतल्यावर जांभळं खाऊन जीभ ओढल्यासारखी होते ना, अगदी तसंच, वर चांगलाच आंबटपणा. थुंकायला भांडं ठेवलेलं होतं पण मी काही थुंकलो नाही, त्यामुळे पुढची विन्या देल ओलिवो, म्हणजे बागेतल्या जुन्या ऑलिव्हच्या झाडावरून नाव पडलेली, तिच्याबद्दल मला नीट काही सांगता येणार नाही, सॉरी.

निघताना आप्पांचा परत फोन, "अरे, त्यांच्याकडे वेलींवर भुरी, तो बुरशीचा रोग, येते का विचार."

विचारलं. बाई हसल्या, येते म्हणाल्या, तिला तिकडे ओईदियो म्हणतात आणि गंधकच मारतात.

"मग ठीक आहे," आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवला.