पाउच गळतो तो तोंडाशी

फोनचा माग लागू नये म्हणून त्याचा सिग्नल अडवणारा पाउच, म्हणजे फोन आत ठेवायची धातूच्या थराची पिशवी, करायचा म्हटलं की लोक आधी जाडीच्या मागे लागतात. फॉइलचे चार थर, मग आठ, मग वरून आणखी एक. खरं तर स्वयंपाकघरातल्या साध्या फॉइलची जाडी १० ते १८ मायक्रॉन असते. मोबाइलच्या लहरी बहुतांशी तिच्या पृष्ठभागावरूनच परततात, आणि ज्या आत शिरतात त्या तीनेक मायक्रॉनमध्ये क्षीण होऊ लागतात. एक अखंड थर पुरतो. तरीही आतला फोन वाजतो, कारण पाउच तोंडाशी आणि शिवणीत गळतो.

फटीची रुंदी नव्हे, लांबी बघायची. केसाएवढी बारीक फटसुद्धा अर्ध्या तरंगलांबीएवढी लांब झाली की स्वतःच अँटेनासारखी वागते. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झला ही लांबी १६-१७ सेंटीमीटर, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला सुमारे ६ आणि ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झला जेमतेम ४.

भांडी बाजारातला लाडवाचा स्टीलचा डबा घ्या. पत्रा उत्तम, पण झाकण काठाला दोन-तीन ठिकाणीच टेकतं. १५ सेंटीमीटर व्यासाच्या डब्याचा घेर ४७ सेंटीमीटर भरतो, म्हणजे फोनच्या सगळ्या लहरींना वाट मोकळी. फॉइलची ६ सेंटीमीटर रुंद पट्टी सैलसर वळून मऊ दोरीसारखी करा, काठावर गोल बसवा आणि झाकण दाबून लावा. झाकण बसताना ती चुरगळल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. रंगवलेला चहाचा डबा असेल तर काठावरचा रंग पॉलिश पेपरने घासून काढा. रंगातून वीज वाहत नाही, त्यामुळे झाकण घट्ट दिसूनही फट राहतेच.

घरी पाउच करायचा तर फॉइलचे २० × ४८ सेंटीमीटरचे दोन तुकडे एकावर एक ठेवा आणि लांबीत मधोमध दुमडा. दोन्ही बाजूंचे काठ दीड-दीड सेंटीमीटर, दोनदा दुमडा आणि चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करा. फोन सुती रुमालात गुंडाळून आत सरकवा. तोंड दोन-दोन सेंटीमीटरचं तीनदा दुमडा. चिकटपट्टी लावायची ती सगळ्यात शेवटी आणि फक्त बाहेरून. दुमडीच्या आत टेप गेली की धातू धातूला टेकत नाही. एसीच्या कामाची अॅल्युमिनियम टेप वापरणारे इथेच फसतात, कारण तिच्या गोंदातून वीज वाहत नाही.

फॉइल फार टिकत नाही. रिकामा पाउच खिडकीच्या उजेडासमोर धरा आणि आत डोकावून पाहा. सुईच्या टोकाएवढे ठिपके चालतात, उजेडाची रेघ दिसली तर तो पाउच बाद. रोज वापरायचा असेल तर निकेल-तांब्याचा थर दिलेल्या कापडाचा घ्यावा. तो मशीनमध्ये धुवू नका, पावसाळ्यात ओलाही ठेवू नका. थर गेला की कापड दिसायला तसंच राहतं, अडवत मात्र काही नाही.

चाचणी कुठे करता याला फार महत्त्व आहे. त्र्यंबकच्या डोंगरात पास झालेला पाउच नाशिक शहरात कॉलेज रोडवर नापास होऊ शकतो. समजा पाउच ४० डेसिबल अडवतो, म्हणजे सिग्नल दहा हजार पटीने कमी करतो. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर. शहरात टॉवरजवळ −७० डीबीएम सिग्नल असेल तर आत −११० उरतो, आणि तेवढ्यावर ४जी फोन चालतो. डोंगरात आधीच −१०० असेल तर आत −१४०, म्हणजे काहीच नाही. अँड्रॉइडमध्ये ‘फोनविषयी’ मधल्या सिम स्टेटसमध्ये हा आकडा दिसतो. जिथे तो सगळ्यात चांगला असेल, गच्चीवर म्हणा, तिथे चाचणी घ्या. फोन आत टाकून मिनिटभर थांबा, मग दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. त्यानंतर ब्लूटूथ इअरफोनवर गाणं लावून फोन पुन्हा आत टाका. हातभर अंतरावरही गाणं सुरूच राहिलं तर तोंडाची दुमड पुन्हा घाला.

चाचणी झाली की एरवी आत ठेवण्याआधी फ्लाइट मोड लावाच. नाहीतर फोन सतत टॉवर शोधत राहतो, तापतो आणि बॅटरी खातो. पण फ्लाइट मोडवर विसंबून पाउच सोडू नका. त्यात वायफाय-ब्लूटूथ चालू राहू शकतं. नवे आयफोन तर बंद केल्यावरही ‘फाइंड माय’ला सापडू शकतात.

पाउचमधला फोन तुमची पावलं मोजत राहतो. नोंद आत साठते आणि बाहेर काढताच अॅप ती पाठवू शकतं. म्हणून अॅपची शारीरिक हालचालीची परवानगी काढून घ्या आणि लोकेशन परवानगीही ‘वापरताना फक्त’ अशी करा. लोकेशनच्या सेटिंगमध्ये वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंगची बटणं वेगळी असतात, तीही बंद करा. हे न करता पाउचवर पैसे घालणं मला पटत नाही.

जॅमरचा विचारही करू नका. सरकारी परवानगीशिवाय तो वापरणं भारतात बेकायदा आहे, आणि त्याने शेजाऱ्याचाही फोन बंद पडतो. पाउच फक्त तुमचा फोन झाकतो. तरी २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर घरच्या म्हाताऱ्या माणसांचा फोन पाउचमध्ये ठेवू नका. पाउचमधून ११२ लाही फोन लागत नाही, आणि हरवलेलं माणूस फोनवरून शोधताही येत नाही.