रामबाण

एका दैनिकाच्या आरोग्य पुरवणीची पाने मी अकरा वर्षे लावत आहे. गेल्या हिवाळ्यातल्या एका सोमवारी सकाळी एक गृहस्थ कार्यालयात आले आणि त्यांनी खिशातून घडी घातलेले कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. ‘मधुमेहावर रामबाण मेथी’ हा मथळा माझाच होता. त्यातल्या ‘रामबाण’ शब्दाखाली निळ्या शाईने दोन रेघा ओढलेल्या होत्या.

त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. या आजारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नसल्यामुळे ते बाहेरून, तेही आयुष्यभर, घ्यावे लागते. आईवडील परगावी लग्नाला गेलेले असताना नातीची सुयांमधून सुटका व्हावी म्हणून आजीने दोन दिवस इन्सुलिन बंद ठेवून भिजवलेली मेथी दिली. तिसऱ्या दिवशी मुलीला ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि जोरात चालू लागला. रक्तात आम्ल साठले होते. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून ती वाचली.

“आईला काय बोलणार, साहेब? पेपरात छापून आलंय, एवढंच ती म्हणते,” असे ते आवाज न चढवता म्हणाले.

मी मूळ लेख काढून पाहिला. लेखक डॉक्टरांनी ‘जेवणानंतरची साखर काही प्रमाणात कमी होण्यास मदत होऊ शकते’ असे जपून लिहिले होते आणि शेवटी ‘चालू औषधे बंद करू नयेत’ असे बजावलेही होते. ते शेवटचे वाक्य जागेअभावी मी कापले होते, आणि ‘मदत’ दोन कॉलमांत भरत नाही म्हणून ‘रामबाण’ घेतला होता. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. हाच मथळा जाहिरात म्हणून आला असता, तर आमच्या जाहिरात विभागाने तो परत पाठवला असता.

त्या दुपारी मी महिन्याभराचे अंक चाळले. वाहतूक कोंडीवर रामबाण उड्डाणपूल, पाणीटंचाईवर जालीम इलाज, कॉपीच्या रोगावर उतारा, असे मथळे पानोपानी होते. उड्डाणपुलाला रामबाण म्हटल्याने कोणी दगावत नाही, म्हणून तो शब्द हाताशी राहतो आणि खऱ्या रोगाची बातमी आली की सवयीने तोच उमटतो. वास्तविक आपल्या घरांतली माणसे या बाबतीत फार काटेकोर बोलतात: तापाला उतार पडतो, दुखण्याला आराम पडतो, औषधाचा गुण येतो आणि माणूस खडखडीत बरा होतो, या चारही गोष्टी वेगळ्या असल्याचे त्या आजींनाही नक्की ठाऊक असणार. इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांनीही १९२५ मधील आपल्या नोबेल व्याख्यानात, इन्सुलिनने मधुमेह बरा होत नाही, तो उपचार आहे, असे स्पष्ट सांगितले होते.

आमच्याकडे खुलासा आतल्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत जातो. संपादकांशी तासभर बोलून मी तो पुरवणीच्या पहिल्या पानावर, त्याच जागी आणि त्याच टाइपात घेतला: ‘मेथीने मधुमेह बरा होत नाही, इन्सुलिन थांबवू नका’. दोन कॉलमांत तो बसेना, म्हणून तीन दिले.