पांढऱ्या रंगानं केला घात

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की माझा घरगुती यूव्ही चेंबर, म्हणजे रंग आणि प्लास्टिक उन्हात किती टिकतं ते ट्यूबच्या अतिनील प्रकाशात (यूव्ही) लवकर तपासायची पेटी, मार्गी लागला. शब्द मागे घेतो. ३४० तासांनी पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्या बाहेर काढल्या, तर मधली वाकवताक्षणी काडकन मोडली आणि कोपऱ्यातली वाकून मजेत पुन्हा सरळ झाली. दोन्ही एकाच तावातून कापलेल्या, एकाच दिवशी लावलेल्या.

ट्यूबची टोकं मंद असतात, त्यामुळे कोपऱ्यांत थोडं कमी पडणार हे धरलेलंच होतं. पण एवढं? पहिला संशय ट्यूबवर. चारही यूव्हीए-३४० (३४० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक यूव्ही देणाऱ्या), एकाच लॉटच्या. त्यांच्या जागा बदलल्या, फरक शून्य. मग चोक बदलले. मग पंख्याच्या मागे लागलो, कारण वाऱ्यानं ट्यूब गार पडली की आतल्या पाऱ्याच्या वाफेचा दाब उतरतो आणि प्रकाशही. पंखा बंद करून पाहिला. तरी ढिम्म. यात तीन आठवडे गेले.

शेवटी आतली बाजू पुसायला हात घातला आणि तळवा पांढराफटक होऊन बाहेर आला. बोटांच्या रेषांत बारीक भुकटी, भिंतीवर पाच बोटांचे ओरखडे. लोकांच्या रंगाचं चॉकिंग (उन्हानं रंगाची खडूसारखी भुकटी होणं) तपासायला बांधलेला चेंबर स्वतःच्याच रंगाची चाचणी घेत बसला होता! ८ तास यूव्ही, ४ तास दव, अगदी शिस्तीत.

पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो. दिसणारा प्रकाश तो झकास परतवतो, पण साधारण ४०० नॅनोमीटरच्या खाली गेलं की गिळायला लागतो, आणि ३४० ला तर जवळजवळ सगळाच फस्त. सनस्क्रीनमध्ये तो घालतात तो याचसाठी. हे ठाऊक असूनही मी 'परावर्तनासाठी' म्हणून दोन हात पांढरा मारला. वर लक्समीटर फिरवून स्वतःची पाठही थोपटली. लक्समीटरला यूव्ही दिसतच नाही, हे सांगायला कोणी नव्हतं असं नाही. मीच इथे दोनदा लिहिलंय.

रंग खरवडण्याआधी भिंतींना ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून पाहिली. कोपऱ्यातल्या यूव्ही सेन्सरचा आकडा हललाच नाही, आणि पुन्हा घाम फुटला. चूक सेन्सरची निघाली. भिंतीवरून येणारा प्रकाश तिरका, आणि उघडा फोटोडायोड तिरका प्रकाश नीट धरत नाही. नळजोडणीची टेफ्लॉन टेप चार थर ताणून त्यावर बसवली. टेफ्लॉन यूव्ही फारसं शोषत नाही, नुसतं पसरवतं. आता मध्य १०० धरला तर रंगाच्या भिंतींत कोपरा ५८, फॉइल लावून ८१. (सेन्सर ब्रॉडबँड आहे, म्हणजे यूव्हीचा रुंद पट्टा एकत्र मोजतो, त्यामुळे चाचणीच्या मानकातल्या ३४० नॅनोमीटरच्या ०.८९ वॅट प्रति चौरस मीटर प्रति नॅनोमीटर या आकड्याशी ताडून पाहू नका.) ट्यूबा लावून अर्धा तास तापू दिल्यावरचे आकडे आहेत. ८१ दिसल्यावर तिसऱ्यांदा मोजलं, केवळ मजा म्हणून.

फॉइल सुरकुतते, म्हणून पत्रा मागवला. विक्रेत्यानं 'मिरर फिनिश' म्हणून पाठवला तो निघाला अ‍ॅक्रिलिकचा आरसा. चेहरा स्वच्छ दिसतो, पण यूव्ही त्या अ‍ॅक्रिलिकमध्येच मरतं. घासलेला कोरा ॲल्युमिनियम मागा, वर कुठलंही लॅकर नको, आणि संरक्षक फिल्म सोलायला विसरू नका.

कोपऱ्यांत ३६५ नॅनोमीटरच्या एलईडी लावायचा बेत होता, तो रद्द. ३६५ ला कितीही ओतलं तरी त्याखालचा भाग भरून निघत नाही, आणि प्लास्टिकची खरी नासाडी तिथेच जास्त. यूव्हीबी-३१३ ही आणखी कमी तरंगलांबीची, जास्त तिखट ट्यूब सुचवणाऱ्यांनाही नम्र नकार. निकाल लवकर मिळतो खरा, पण जमिनीवरच्या उन्हात २९५ च्या खाली जवळपास काही उरत नाही आणि ती ट्यूब नेमका तिथलाही मारा करते.

त्यामुळे आता पत्रा, आणि दर आठवड्याला पट्ट्यांच्या जागा फिरवणं. आधीच्या नोंदीतले पॉलिप्रॉपिलीनचे सगळे आकडे बाद समजा.

हे लिहिताना एक सुचलं: तोच पांढरा रंग नऊ तुकड्यांवर मारून रॅकभर लावला तर? कुठला आधी खडू सोडतो त्यावरून प्रकाशाचा नकाशा आपोआप मिळेल, सेन्सरची उलटतपासणीही होईल. डबा माळ्यावरून काढलाय. अर्धा रंग शिल्लक आहे, ब्रश मात्र दगड झालाय.